रांगेतले दोन तास

श्टुटगार्ट,
१४ सप्टेंबर २०२५

ती. आईस,
हिमांशूचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर आपण दोघंही 'बरं आहे' म्हणतो आणि मग नुसते एकमेकांकडे बघत बसतो. त्यापेक्षा लिही, असं वैदेही म्हणाली. म्हणून हे पत्र. तूही उत्तर लिहूनच पाठव.

एक काम सुरू केलं आहे, ते तुला सांगायचं आहे. आपल्या सरकारनं परदेशी जा-ये करणाऱ्यांसाठी एक योजना काढली आहे. आधी ऑनलाइन अर्ज करायचा, पासपोर्टची पानं, फोटो, पत्त्याचा पुरावा जोडायचा. मग ते आपली चौकशी करतात. माणूस विश्वासाचा आहे असं ठरलं, की विमानतळावर एकदाच बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवून घेतात. त्यानंतर इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. वेगळं स्वयंचलित दार असतं. पासपोर्ट ठेवला, चेहरा जुळला, की दार उघडतं. मिनिटभराचं काम. मुंबईत ही सोय बाबा गेले त्याच्या आधीच सुरू झाली होती. मला माहीत नव्हतं, एवढंच.

माझं विमान त्या शुक्रवारी अकरा दहाला मुंबईत उतरलं. तीन विमानं एकदम आली होती. रांगेतून बाहेर पडलो तेव्हा सव्वा वाजून गेला होता. आपल्याकडचं पुढचं विमान समोरून गेल्यासारखं गेलं. ते मिळालं असतं तर साडेतीनला मी गारखेड्यात असतो. बाबांना न्यायच्या आधी तुम्ही साडेचारपर्यंत थांबला होतात. टॅक्सीनं पोचलो तेव्हा आठ वाजले होते आणि तुम्ही सगळे अंघोळी करून बसला होतात.

पत्त्याच्या पुराव्यासाठी घराचं लाईट बिल लागेल. ते अजून बाबांच्या नावावर असलं तरी चालेल, त्याची प्रत पाठव. आणि काळजी करू नकोस. पुढच्या वेळी मला उशीर होणार नाही.

नानाकाकांना नमस्कार. तुझी माया आहेच, तशीच असू दे.

तुझा,
हिमांशू

•

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
३० सप्टेंबर २०२५

चि. हिमांशूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

वर 'श्री' लिहिलेला नाही. वर्ष व्हायचं आहे अजून.

तुझं पत्र पोचलं. लाईट बिलाची प्रत सोबत जोडली आहे. ते ह्यांच्याच नावावर आहे. बदलायचा अर्ज आणून ठेवला आहे, पण भरायला घेतला की चष्मा सापडत नाही.

इकडे पावसानं फार केलं. सोयगावकडे कपाशीत पाणी उभं आहे, असं नानासाहेब भावजी सांगत होते. माझी तब्येत बरी आहे. गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना नाही. कडूबाई सकाळी येऊन धुणीभांडी करून जाते आणि जाता जाता मी जेवले की नाही ते पातेलं उघडून बघते.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, की वळखीच्या माणसाला येगळं दार केलं ते लई चांगलं झालं, पण बिनवळखीच्यानं काय करावं, उभंच राहावं व्हय? आणि तुझी चौकशी करायला सरकार तिच्याकडे का आलं नाही, असंही तिनं विचारलं. आलं असतं तर गच्चीवरून शेजारच्यांची सीताफळं कोण तोडायचं, ते तिनं सांगितलं असतं म्हणे. बऱ्याच दिवसांनी मी हसले.

पुढची वेळ म्हणजे कोणती, ते मला कळलं. मी रागावलेले नाही. अडुसष्टाव्या वर्षी आपल्यासाठी मुलगा एवढी तयारी करतो आहे, हे वाचून त्या दिवशी भाजी निवडायची राहून गेली, एवढंच.

अर्ज करायचा तर कर. पण त्या रांगेचा विचार आता सोड. मी सांगते म्हणून सोड.

वैदेहीस आशीर्वाद. दोघंही जेवत जा वेळेवर. आठवण ठेवतोसच, ती पत्रातून कळत राहू दे.

तुझी,
आई

•

श्टुटगार्ट,
१९ ऑक्टोबर २०२५

ती. आईंस,
वैदेहीचा सा. न. वि. वि.

आई, हे पत्र हिमांशूला न सांगता लिहिते आहे. तुम्हाला आणखी काळजी द्यायची नव्हती, पण दुसरं कोणाला सांगावं ते कळत नाही.

तुम्ही त्याला रांगेचा विचार सोड म्हणून लिहिलंत. पत्र वाचून त्यानं घडी घातली आणि म्हणाला, आईला मला दोष द्यायचा नाही, म्हणून ती असं लिहिते. त्या दिवसाचं प्रत्येक मिनिट त्यानं एका कागदावर लिहून ठेवलं आहे. कोणत्या खिडकीवर किती लोक होते, कोणी किती वेळ घेतला. पुढे एक म्हातारी बाई होती, तिच्यामुळे दहा मिनिटं गेली, हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की त्या बाईला मीच पाहिलं होतं असं वाटतं. आता त्याला कुठलीच रांग सहन होत नाही. मागच्या शनिवारी दुकानात पैसे द्यायच्या रांगेत उभे होतो. भरलेली टोपली तिथंच खाली ठेवून तो बाहेर निघून गेला. मी भाजी घेऊन आले तर गाडीत डोळे मिटून बसला होता.

कंपनीनं त्याला स्पेनमधल्या झारागोझाच्या कारखान्यात मोठी जागा देऊ केली आहे. वाळूजला नोकरीत होता तेव्हापासून त्याला असंच काम हवं होतं. बाबांनाही त्यानं ते सांगितलं होतं. आता नाही म्हणतो. तिथून भारतात यायला इथल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे कारण. मी म्हटलं, आई ठणठणीत आहेत. तर म्हणाला, बाबाही बुधवारी ठणठणीत होते.

नोव्हेंबरअखेर त्याला ऑफिसला शेवटचं उत्तर द्यायचं आहे. तुमचं तो ऐकेल. तुम्हीच काहीतरी सांगा.

दिवाळी यंदा नाहीच. दारात फक्त एक पणती लावते आहे, चुकलं तर सांगा. तुमचा हात डोक्यावर आहे, तो असाच असावा.

आपली,
वैदेही

•

गारखेडा,
९ नोव्हेंबर २०२५

चि. हिमांशूस,
आईचे आशीर्वाद.

वैदेहीचं पत्र मला आलं. तिच्यावर रागावू नकोस. तिनं लिहिलं म्हणून मला आज हे लिहिता येतं आहे. चार दिवस कागद समोर घेऊन बसते आणि उठते. आज पुरं करते.

आम्ही साडेचारपर्यंत थांबलो नव्हतो. त्या दिवशी साडेअकराला घरून निघालो. एकच्या आत नानासाहेब भावजींच्या मंदारनं अग्नी दिला होता. तू तेव्हा रांगेतच होतास. रांग नसती, ते वेगळं दार असतं, विमान मिळालं असतं, तरी तू पोचला नसतास. साडेतीनला येऊनही तुला घरात हे दिसले नसते.

नानासाहेब भावजींचा यात दोष नाही. सकाळी दहाला गल्लीतली लाईट गेली. ह्यांना ठेवलं होतं त्या काचेच्या थंड पेटीची मोटार बंद पडली. दुरुस्तीला दुपार होईल, असं वायरमननं सांगितलं. भावजी म्हणाले, मी आत्ता जाऊन बर्फाच्या लाद्या आणतो, संध्याकाळपर्यंत काही होत नाही, हिमांशू येतो आहे, त्याच्यासाठी थांबायलाच पाहिजे. मंदारनं गाडीही काढली होती. मी नको म्हटलं. थांबता येत होतं. मी थांबले नाही.

ह्यांना थंडी सोसायची नाही, हे तुला माहीत आहे. दसऱ्यापासून होळीपर्यंत अंगात स्वेटर. एक अख्खी रात्र मी त्यांना त्या पेटीत पाहिलं होतं. आता वर बर्फ ठेवायचा, हे माझ्यानं झालं नसतं. हे कारण आहे. ते पुरेसं आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तू आठला आलास आणि चप्पल काढायच्या आधी म्हणालास, की रांगेनं घात केला, नाहीतर साडेतीनला आलो असतो. तुझा चेहरा बघून भावजी बोलून गेले, की आम्ही साडेचारपर्यंत वाट बघितली रे. तुला बरं वाटावं, तुझ्यासाठी सगळे थांबले होते असं वाटावं, म्हणून ते बोलले. मी समोर बसले होते. मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण तू रांगेला दोष देत होतास, आणि रांगेला दोष दिलेला मला चालणार होता. नंतर भावजी दोनदा म्हणाले, वहिनी, पोराला खरं सांगून टाका. मीच आज नको, उद्या बघू, म्हणत राहिले. असे नऊ महिने गेले.

सरकार तुझी चौकशी करून तू विश्वासाचा आहेस, असं ठरवेल. ठरवू दे. तू आहेसच.

स्पेनची जागा घे. माझ्यासाठी वेळेवर येणं न येणं हे तुझ्या हातात नाही, माझ्याही नाही. वर्षश्राद्धाला यायचं की नाही, ते तू ठरव. आला नाहीस तरी मी कोणाला काही विचारू देणार नाही.

लोभ ठेव, असं या वेळी लिहीत नाही. तुला जमेल तसं.

आई

•

श्टुटगार्ट,
७ डिसेंबर २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. तीन रविवार मी फोन केला नाही, तो कामामुळे नव्हे. पहिला रविवार पत्राच्या आधीचा होता, त्याचं कारण सर्दी. पुढच्या दोन रविवारांना मी फोन हातात घेतला आणि ठेवला. पहिले काही दिवस मी तुझ्यावर फार चिडलो होतो. नानाकाकांवर, मंदारवरही. तेराव्यापर्यंत एवढी माणसं घरात वावरली आणि एकानं तोंड उघडलं नाही. वैदेही म्हणाली, की चिडायचं तेवढं चिड, पण पत्र फाडू नकोस. फाडलं नाही.

राग अजून पुरता गेलेला नाही, हे तुला खोटं सांगत नाही. बर्फाचं मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिथे मी असतो तर मीही नको म्हटलं असतं का, ते मला माहीत नाही. कदाचित म्हटलं नसतं. मी आणायला लावला असता आणि तुला ते बघावं लागलं असतं.

दुसरी एक गोष्ट आहे, ती वैदेहीलाही सांगितली नव्हती. रांगेत माझ्या पुढे जी म्हातारी होती, तिचा पासपोर्ट पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, असा होता. तिला तो काढता येईना. मी मोठ्यानं बोललो, की अशा लोकांना घराबाहेर सोडतात कशाला. सगळ्यांनी वळून बघितलं. ती रागावली नाही. म्हणाली, बाबा, तुला घाई दिसते, तू हो पुढं. आणि बाजूला झाली. मी पुढे गेलो. म्हणजे तिच्यामुळे माझी दहा मिनिटं गेलीच नाहीत, उलट वाचली. मी घरी उलटं सांगत आलो आणि पुढे मलाही ते तसंच आठवायला लागलं. आता ती कोण, कुठली, काही कळायची सोय नाही. तू मला खरं सांगितलं नाहीस, यावर फार बोलायला माझं तोंड नाही.

झारागोझाची जागा गेली. तुझं पत्र हातात पडल्यावर मी ऑफिसात विचारायला गेलो, तर त्यांनी आदल्याच दिवशी दुसऱ्याला कळवलं होतं. पुढे कधी दुसरी निघाली तर बघू. त्याचं तू मनाला लावून घेऊ नकोस. नाही मीच म्हटलं होतं.

योजनेचा अर्ज मंजूर झाल्याचा निरोप आला आहे. वर्षश्राद्धासाठी बावीस जानेवारीची तिकिटं काढली आहेत, दोघांची. ठसे तेव्हा देऊन टाकीन. उपयोग होईल न होईल.

एकच मागतो. मी रांगेत होतो तेव्हा घरात काय चाललं होतं, ते मला लिही. दहापासून पुढचं सगळं. मला ते काहीच माहीत नाही, आणि मी त्या वेळेबद्दल वर्षभर नुसता रांगेचाच विचार केला.

आधीचा लोभ होता तो आहे. त्यात फरक नाही.

हिमांशू

•

गारखेडा,
२२ डिसेंबर २०२५

चि. हिमांशूस व सौ. वैदेहीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तिकिटं काढलीत हे वाचून कडूबाईनं आजच वरची खोली झाडून घेतली. एक महिना आहे म्हटलं, तर म्हणाली, धूळ काय तारीख बघून बसती व्हय?

तू विचारलंस ते लिहिते.

दहाला लाईट गेली, ते तुला कळवलंच आहे. मी बर्फ नको म्हटलं. मग भावजींनी आणि मंदारनं मिळून ह्यांना पेटीतून काढून जमिनीवर ठेवलं. मी त्यांचा हात धरला. फार गार होता. मी तो माझ्या दोन्ही हातांत धरून बसले, उगाच. ऊबदार होणार नाही, हे कळत होतं. गरम पाणी गॅसवर ठेवायला सांगितलं. खरं म्हणजे आपल्याकडे गार पाण्यानंच अंघोळ घालतात. गुरुजी बघत होते. अंघोळ घातली. दाढी वाढलेली होती, ती मंदारनं केली. गालावर जराशी तशीच राहिली. नवं धोतर होतं. मी आतून तपकिरी स्वेटर आणला. भावजी म्हणाले, वहिनी, हे चालत नाही. मी म्हटलं, घाला. मग त्यांनीच घातला.

माणसं जमली होती, पण कोणी मोठ्यानं रडलं नाही. कडूबाई दारापाशी बसून होती. तिला आत ये म्हटलं, तर मानेनंच नको म्हणाली.

भावजी सारखे फोनमध्ये तुझं विमान बघत होते. अकरा वाजून गेल्यावर त्यांनी मला येऊन सांगितलं, की उतरलं. मंदारनं विचारलं, काकू, अजूनही थांबायचं असेल तर थांबू. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी ह्यांच्या कानाशी वाकले आणि त्यांना सांगितलं, की हिमांशू आला आहे. मग उठून उभी राहिले आणि चला म्हटलं.

या. वाट बघते.

तुमची,
आई