उलट्या शिवणीची झबली

अंबिकाताई,
थोरल्या जावेला धाकटीचा नमस्कार.

तुम्ही दौलताबादहून पाठवलेली पाच झबली पोचली, एवढंच मी फोनवर सांगितलं. बाकीचं गिळलं. पिशवी उघडताच सासूबाई म्हणाल्या होत्या, "हे अंबिकानं तिच्या लेकरासाठी शिवलेलं हाय. ते लेकरू जगलं नाय. आपल्या पोरीच्या अंगाला लावू नको." खरं सांगते, मीही भ्याले होते. पिशवी कपाटावर टाकली आणि यांना गारखेड्यातल्या दुकानातून नवे कपडे आणायला लावले.

काल त्या कपड्यांच्या शिवणीनं बाळाच्या काखेत लालभडक चट्टे उठले. रडून रडून नऊ दिवसांच्या जिवाचा आवाज बसला. मी पिशवी खाली ओढली. तुम्ही शिवण बाहेरच्या बाजूला घेतली होती, मलमल धुऊन धुऊन मऊ केली होती. झबलं चढवलं, नाडी बांधायला घेतली. तेवढ्यात सासूबाई दारात आल्या.

"काढ ते."

"नाय काढणार," मी म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

त्या तशाच उभ्या राहिल्या. बाळाचं रडणं हळूहळू थांबलं, डोळे मिटले. मग त्या जवळ आल्या नि हळूच म्हणाल्या, "नाडी लई आवळू नको."

हे पत्र मी पाठवणार नाही. तुमची झबली इतके दिवस का पडून होती, ते तुम्हाला कळू नये. रविवारी बारशाला तुम्ही बायकांच्या मागं जाऊन उभ्या राहाल. मी तिथं येऊन बाळ तुमच्या हातात देणार आहे.

तुमची,
प्रांजली