निःस्वार्थ सेवेची नोटीस

३ जून, सोमवार

तेरा वर्षं या वृद्धाश्रमात चूल सांभाळली, आणि आज सचिव मला म्हणतात, ‘आजी, पहिल्या तारखेपासून स्वयंपाकाला ठेकेदाराची माणसं येतील. तुम्ही आता आराम करा.’

काढून टाकताय का, म्हटलं. तर हसले. ‘छे, काढतात नोकरांना. तुम्ही स्वयंसेविका. घरच्याच.’

घरच्या माणसाला असं दार दाखवतात होय. आणि घरी बसून करू काय? भिंतीशी भांडू?

४ जून

नात वकिलाकडे टायपिंग करते. तिला सांगितलं. म्हणाली, नेमणुकीचं पत्र दाखव. ते कुणी दिलंच नाही. प्रमाणपत्र दिलंय, काचेच्या चौकटीत – ‘निःस्वार्थ सेवेबद्दल’. तेच काढून दाखवलं.

‘आजी, हे लपवून ठेव. हा त्यांच्या बाजूचा पुरावा आहे.’

इतकी वर्षं रोज पुसत होते मेलं.

६ जून

कामावर गेले नाही. स्वयंसेविकेची मर्जी. आज नव्हती.

७ जून

आजही नव्हती. शेजारणीला आश्रमातून खबर – सचिवांनी स्वतः भाजी केली. म्हातारे म्हणे जेवायच्या आधी एकमेकांकडे बघत होते. पातेलं अजून भिजत पडलंय. ते कोण घासणार, मी विचारलं नाही.

१० जून

शिपाई आला. माझ्याकडे न बघता पाकीट दिलं. सचिवांची खोडच आहे, कुणी दोन दिवस दिसलं नाही की लगेच कागद धाडायचा. मला वाटलं, संपलं. चष्मा सापडेना, म्हणून संध्याकाळी नातीकडून वाचून घेतलं.

‘आपण स्वयंपाकी या पदावर कार्यरत असताना विनापरवानगी गैरहजर राहिलात. शिस्तभंगाची कारवाई का करू नये, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.’ खाली सही. वर शिक्का.

नात फरशीवर बसून हसायला लागली. ‘आजी, स्वयंसेविकेला कोण रजा मागायला लावतं? कसलं पद, कसली शिस्त? अगं, हेच तुझं नेमणूकपत्र. तेरा वर्षं उशिरा आलं, एवढंच.’

मी म्हटलं, पुन्हा वाच. सहीसुद्धा वाच.

११ जून

प्रमाणपत्र काढलं. चौकटीत नोटीस घातली. नीट बसली. कामावर जाऊन ती स्वयंपाकघरात, सचिवांना दिसेल अशी टांगली. खुलासा मी देणार नाही. तेरा वर्षं मला पदाचा कागद का दिला नाही, ते सचिवांनी लिहून द्यावं. तीन दिवसांत. आणि ते पातेलं त्यांनीच घासावं.