पांढरेपणाला गुण

११ फेब्रुवारी
नापास झालो. रुग्णालयाच्या चादरी धुण्याचं टेंडर गेलं. इतकी वर्षं आमच्याच लाँड्रीकडे होतं. कारण – नमुन्याची चादर पुरेशी पांढरी नाही!

चादर भाऊजींनी निवडली होती. ऑपरेशनची, रक्ताने माखून आलेली, आमच्याकडे कित्येकदा धुऊन निघालेली. म्हणाले होते, वहिनी, धुणाऱ्याने धुतलेलीच दाखवायची ना? मलाही पटलं. ज्याला टेंडर मिळालं, त्याचं चादरींचं दुकान. त्याने कोरी करकरीत घडी उचलून दिली, पाण्याचं तोंडही न पाहिलेली. त्याला पांढरेपणाचे दहापैकी दहा. आम्हाला चार.

रडू येईल असं वाटलं होतं. दोन घास जास्तच जेवले.

१४ फेब्रुवारी
वकीलबाईंकडे गेलो. भाऊजी चादर काखोटीला मारून! बाईंनी घडी मोडू दिली नाही. कोणाची चादर जास्त पांढरी, कोण काम नीट करेल, यात कोर्ट पडत नाही म्हणाल्या. ठरवणाऱ्यांनी नियमाने ठरवलं का, एवढंच बघतं. म्हणजे चादर नव्हे, चादर बघणाऱ्यांचे डोळे तपासायचे.

मग अटी वाचल्या. पांढरेपणाला गुण, ही अट त्यात नाहीच. रुग्णालयाच्या समितीने टेंडरचे लिफाफे उघडल्यावर घातलेली. बाईंचा चेहरा उजळला. आम्हा दोघांचे होते तसेच.

परतताना भाऊजी कुरकुरत होते – चांगली इस्त्री करून आणली होती.

२ मार्च
काही नाही. एक मशीन चालू. बाकीची झाकून ठेवली.

१९ मार्च
दावा लावला, पण कोर्टाकडून कंत्राटाला स्थगिती मिळाली नाही. दुकानदाराने काम सुरू करावं, पण 'अंतिम निकालाच्या अधीन राहून'. घरजावयाला चार दिवस राहा म्हणतात, तसं.

८ एप्रिल
इस्त्रीवाल्या बायकांना काहीतरी सांगायला हवं होतं. भाऊजींना म्हटलं, तुम्ही सांगा. तर म्हणे, वहिनी, तुमची जीभ धारदार, तुम्हीच सांगा. जीभ धारदार असली की सगळी कापाकापी आपल्याच वाट्याला!

प्रत्यक्षात काहीच कापलं नाही. निकालापर्यंत थांबू, काम मिळालं तर सगळ्या राहाल, नाही तर लाँड्री बंद – इतकंच बोलले. त्यांतल्या थोरलीने मान डोलावली आणि आधीच इस्त्री केलेल्या टेबलक्लॉथवर पुन्हा इस्त्री फिरवायला लागली. मी अडवलं नाही.

२९ एप्रिल
सुनावणी. समितीचा वकील पाऊण तास पांढऱ्या रंगावर बोलला. हा तज्ज्ञांचा विषय आहे म्हणे. न्यायमूर्तींनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "ही अट लिफाफे उघडण्याआधी घातली की नंतर?"

तो फाइल चाळत राहिला. फार वेळ. भाऊजींनी मला कोपराने ढोसलं. इथे आनंद व्हायला हवा, हे मला कळत होतं. मी वरच्या पंख्याकडे बघत होते. पात्यांवर बोटभर धूळ.

१७ जून
निकाल. वकीलबाई म्हणतात, जिंकलो.

समितीने मनमानी केली, पद्धत चुकली, आमच्यावर अन्याय झाला – सगळं मान्य. पण काम सुरू होऊन महिने झाले. आता मोडलं तर रुग्णांचे हाल होतील. म्हणून कंत्राट त्याचंच राहील. आम्हाला दाव्याचा खर्च मिळेल. न्याय आम्हाला, काम त्याला. वाटणी चोख झाली.

जिन्यात भाऊजी थांबले. "वहिनी, आपण नक्की जिंकलो ना?"

"हो," म्हटलं. "आता घरी चला."

बायकांना उद्या सांगेन.

१८ जून
सांगायला तोंड उघडलं आणि फोन वाजला. दुकानदार. तो बाहेरून धुऊन घेत होता, त्या माणसाने हात वर केले. आवाजात मध नुसता – "ताई, हे काम तुमचंच. निम्म्या दरात घ्याल?"

घेते म्हटलं. फोन ठेवला. सगळी मशिनं सुरू करा, म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या! निकाल काय लागला, कोणी विचारलंच नाही.