स्पिरिटचं फडकं

गुरुवार, संध्याकाळ. मरीन परेड.

रेवाची नवी रायफल क्लबच्या कुलपात आहे आणि माझा जीव तिच्यात अडकलाय.

पोरीचा नेम चांगला, तरी गोळ्या फाकत होत्या. रायफलीचं लोखंड लाकडी दस्त्यात नीट बसतच नव्हतं. मीच म्हटलं, फटीत रेझिन भरतो. जहाजावर इंजिनखाली आयुष्यभर तेच ओतत आलोय. फरक एवढाच, की इंजिन जागचं हलता कामा नये, आणि रायफलीचं लोखंड मात्र रेझिन सुकल्यावर दस्त्यातून सुटून यायला हवं. म्हणून लोखंडाला आधी बुटाचं पॉलिश लावायचं, म्हणजे रेझिन चिकटत नाही. आज ते मी बोटाने लावलं. नक्की लावलं.

पण स्पिरिटचं फडकं कधी फिरवलं? ओतण्याआधी सगळं पुसून घ्यायचं, ही जहाजावरची सवय. पॉलिशच्या आधी पुसलं, की नंतर? नंतर पुसलं असेल, तर पॉलिशच निघून गेलं.

जेवताना रेवाने इथल्या पोरांच्या इंग्रजीत दुसऱ्यांदा विचारलं, "बाबा, रायफल उद्या कॅन ओपन ऑर नॉट? सॅटरडेला सिलेक्शन आहे, लाह!"

"कॅन," मी तसंच हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, कोण जाणे.

आधीच पुसलं असणार. इतका का मी वेंधळा आहे?

आत्ता माझी बायको मेधा धुण्याचे कपडे बघत होती. माझ्या पँटच्या खिशातून फडकं काढून म्हणाली, "अरे, सकाळी पांढरंशुभ्र दिलं होतं. हे कशाने माखवलंस?"

तपकिरी. अगदी बुटाच्या पॉलिशसारखं तपकिरी.

रेवा आत गुणगुणत शनिवारची बॅग भरतेय.