साबणाचं पाणी

प्रिय चिमणे,

आज खुंटीवर बसची किल्ली शोधू नकोस, ती साहेबांच्या टेबलावर आहे. दोन वाजता तुझी पाळी, थांब्यावर रांग लागेल. लागू दे. गाडीला हात लावू नकोस, आधी हे पूर्ण वाच.

डिझेलच्या गाड्या जाऊन गॅसच्या आल्या, तेव्हा आम्हा जुन्या मेकॅनिकांची पाचावर धारण बसली होती. मग एकदा नुसत्या वासावरून मी गळती पकडली, गळती शोधायच्या मशिनच्याही आधी, आणि डेपोभर ‘नाकवाले मामा’ झालो. तेव्हापासून मशिन कपाटात आणि साबणाच्या पाण्याची बादली कोपऱ्यात. मी गाडीभोवती एक चक्कर मारून सही केली की गाडी सुटायची. तू ड्रायव्हर झालीस तेव्हा सांगत सुटली होतीस, बाबांची सही असली की मी बिनघोर गाडी काढते. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षीचा माझा ताप आठवतो? त्यानंतर एकदा दूध करपून पातेलं काळं झालं, आणि मी शेजारीच पेपर वाचत बसलेलो. लक्ष कुठे असतं तुमचं, म्हणून तुझी आई करवादली. तू पोट धरून हसलीस, मीही हसलो. लक्ष होतं गं. वासच आला नाही. तेव्हापासून कशाचाच येत नाही. सांगितलं असतं तर टायरच्या खात्यात गेलो असतो, इतकंच. पण डेपोत तोंड कसं दाखवू, म्हणून गप्प बसलो आणि सह्या करत राहिलो.

काल तू विचारलंस, “बाबा, मागे गॅसचा वास येतोय का हो?” मी मागे जाऊन आलो, म्हणालो, “भास आहे तुझा.” तू लगेच मान डोलावलीस आणि भरलेली गाडी घेऊन गेलीस.

ती मान डोळ्यांपुढून हटेना. आज जेवणाच्या सुट्टीत बादली काढली. तुझ्या गाडीच्या मागे गॅसच्या नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे यायला लागले, थांबेचनात. तसाच साहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं. माझ्या सहीच्या साऱ्या गाड्या परत बोलावल्यात. थोड्या वेळात डेपोभर बोभाटा होईल, तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून हे लिहिलं. समोर उभं राहून सांगायचा धीर झाला नाही. मी गेटवर बादली घेऊन उभा आहे, येणारी प्रत्येक गाडी तपासतोय. बोलावंसं वाटलं तर ये. पण एवढं ऐक, पुन्हा कधी वास आला तर मलाही विचारू नकोस. गाडी थांबव आणि सगळ्यांना उतरव.

तुझाच,
काल तुझ्याशी खोटं बोललेला बाबा