कासवाचं नाणं आणि ह्यांचे कान

३ नोव्हेंबर, सोमवार, दुपार
बहिणीचा मुलगा सुकदेव जहाजावर स्वयंपाकी. सुट्टीवर आलाय. केमन नावाच्या बेटावरची चार नाणी देऊन गेला. म्हणाला, "मावशी, शोपीस म्हणून ठेव." पोराला किंमत नाही! दहा सेंटच्या नाण्यावर कासव. प्रत्यक्ष कूर्मावतार. शेजारच्या प्रमिलाबाईंनी मोबाइलवर दाखवलं, असल्या नाण्याला पाच लाख. मी मॅट्रिक आहे, कशावरही विश्वास ठेवत नाही. म्हणून दोनच लाख धरले.

४ नोव्हेंबर
तीस वर्षं कापड कारखान्यात लूमच्या खडखडाटात ह्यांचे कान गेले. गेल्या महिन्यात उधन्याच्या रोडवर टेम्पोचा हॉर्न ऐकू आला नाही, देवानेच ओढलं मागे. डॉक्टर म्हणतात कानाचं मशीन लावा, बावीस हजार. आज कासव दाखवून, कानाला हात लावून ह्यांना खुणेने सांगितलं. लगेच कळलं. कारखान्यात चौघांना सांगूनही आले.

८ नोव्हेंबर
एका नाण्यावर कोळंबी निघाली. आमच्याकडे अंडंही चालत नाही. ते खिडकीत, साबणाच्या जुन्या डबीत. पक्षी, जहाज आणि कासव देवघरात.
वहीत मांडलं: मशीन २२,०००. सप्तशृंगीला साडी ८००. देणगी ५१. नंतर ५०१ केली. हात थांबेना. उद्यापासून काटकसर.

१५ नोव्हेंबर, एकादशी
देवाची भांडी घासली. नाणी काळपट दिसत होती. असं मळकं दुकानात नेलं तर लोक काय म्हणतील? चिंच, मीठ, राख, नारळाची शेंडी. कासव चांदीसारखं झालं. डोळा थोडा पुसला गेला, पण तेज आलं. वर कुंकू लावलं. प्रमिलाबाई म्हणाल्या, "वहिनी, आता दहा लाख मागा." मी हावरी नाही. तीन मागेन.

१७ नोव्हेंबर, सोमवार
भागळच्या बाजारात जुन्या नाण्यांचं दुकान. दुकानदार सुकलालभाईंनी भिंग लावलं. भिंग खाली ठेवलं.
"बेन, आ शुं कर्युं? नाणं घासायचं नसतं. मळासकट ठेवायचं असतं."
मी म्हटलं, देवाला मळकं चालत नाही.
"तो हवे भगवानने ज वेचो." आता देवालाच विका म्हणे.
न घासता किती आले असते, विचारलं. म्हणाले, दीडशे. मी म्हटलं, हजार? म्हणाले, "बेन, रुपिया."
कोळंबीला मात्र तीस मिळाले. तिला मी हात लावला नव्हता ना. रिक्षा जाऊन-येऊन चाळीस.
ह्यांना आज सांगितलं नाही. उपास सोडायचा होता. (उपास शनिवारी होता.)

१८ नोव्हेंबर, सकाळ
लाजेने हळूच सांगितलं. हे हसले. म्हणाले, "बेस शे." छान झालं म्हणे!
परत सांगितलं, मोठ्याने. हे म्हणाले, "पैसे मोजी लिधा का?"
मग मी ओरडलेच, "नाणं मी घासलं! दमडी येणार नाही! मशीन नाही!"
वरच्या मजल्यावरच्या लोटूने विचारलं, "काकू, चिंच लावली होती का?" समोरच्या गॅलरीत चार बायका आल्या. एकीने "अगं बाई" म्हटलं. खालचा दूधवालासुद्धा थांबला.
ह्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कारखान्यात न्यायचा जेवणाचा डबा उचलला.
"आते काही समजत नाही. मशीन येऊ दे, मंग सांगजो."