स्क्रीनला बांधलेली लोकर

दत्ता,

लॅपटॉपची बिजागरी तुटली, नवी आपल्याला परवडायची न्हाई, म्हणून काल मी स्क्रीन सुतळीनं खिळ्याला बांधली व्हती. सकाळी पाहते तर सुतळी सोडून ठेवलेली, आणि स्क्रीनला लोकरीचा दोरा. गाठ आप्पांची, मेंढरं कोंडायच्या जाळीला, वाघरीला मारायचे ती. तुला-मला ती येत न्हाई. आणि त्यांनी कातलेली लोकर तर आपण त्यांच्याच सरणावर ठेवली व्हती.

दोऱ्याचं दुसरं टोक खिडकीतून बाहेर गेलंय. स्क्रीन कलली की तिकडून कुणीतरी ताणून धरतंय.

मी आपल्या आईला घेऊन निरगुडसरला मामाकडं जातेय. तिला यातलं काही सांगितलं न्हाई. तू गाठ सोडू नको, बाहेर बघू नको. उद्याचा प्रोजेक्ट तेवढा लवकर उरक. आप्पांचा हात लई दुखायचा.

निर्मला